अनुदान थोडं कमी द्या, पण तारीख सांगून द्या

प्रति,
मा. कृषिमंत्री साहेब आणि मा. अर्थमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शेती उद्योग आणि शेती शिक्षणाचं मंजूर अनुदान ठरलेल्या तारखेला देणेबाबत, आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज देणेबाबत.

साहेब, नमस्कार.

पहिलंच सांगून टाकतो म्हणजे पत्र बाजूला पडायच्या आधी एवढं तरी वाचलं जाईल. मी नवीन योजना मागायला बसलेलो नाही. योजना पुष्कळ झाल्या. आमच्या गावात पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, दहा योजनांची नावं पाठ असतात, टक्केवारीसकट, आणि त्यातली एखादी तुला वेळेवर मिळाली का रे असं विचारलं की तो नुसता हसतो आणि तंबाखू मळायला घेतो. तर मागणी एकच आहे. जे पैसे तुम्ही स्वतः मंजूर केलेत त्या मंजुरीपत्रावर पैसे कधी मिळणार ती तारीख छापा, आणि ती तारीख चुकली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज द्या. बस.

मी वसमत तालुक्यातला, हळदवाला. घरची शेती आणि जोडीला हळद पावडरचं छोटं युनिट. धाकटा भाऊ बीएस्सी अ‍ॅग्री करतोय. त्यामुळे शासनाच्या दोन्ही खिडक्या घरबसल्या बघायला मिळतात, एक उद्योगाची आणि एक शिक्षणाची, आणि दोन्हीकडे ऐकू येतं ते एकच वाक्य, "मंजूर आहे हो तुमचं, निधी आला की पडतील." कधी येणार विचारलं तर वर बोट. वरच्याला विचारलं तर तो सांगतो बीडीएसवर अजून आला नाही. हे बीडीएस म्हणजे शासनाची निधी वाटपाची संगणक प्रणाली, ती आता आमच्या आईला पण माहीत झालीय.

मुंबईत बसून हळदीचं वेळापत्रक लक्षात यायचं नाही म्हणून थोडं सांगतो. अक्षय तृतीयेपासून जूनपर्यंत बेणं लावायचं, मग साधारण नऊ महिने सांभाळायचं, कंदमाशी आणि कंदकुजीतून वाचली तर फेब्रुवारी-मार्चला काढणी. काढली म्हणजे पैसे झाले असं नाही, खरी धावपळ तिथून पुढे. कुकर लावून शिजवायची, शेतातच ताडपत्रीवर पसरायची, दहा-पंधरा दिवस ऊन खाऊ द्यायचं, रात्री झाकायची, त्यात अवकाळी आला की सगळं घर पळत सुटतं, मग ड्रममधे पॉलिश, मग कांडी वेगळी गट्टू वेगळा, आणि मग बाजार. मार्च ते मे या काळात वसमत, हिंगोली, नांदेडच्या बाजारात आवक असते तशी पुढे राहत नाही. ज्याचं पावडरचं युनिट आहे त्याने वर्षभराचा माल तेव्हाच उचलून ठेवायचा असतो. म्हणजे पैसा लागतो फेब्रुवारीत.

आणि तुमचं वर्ष संपतं 31 मार्चला. नेमकं आमच्या हंगामाच्या पोटात. जानेवारीत विचारायला गेलं तर साहेब म्हणतात निधी नाही, मार्चमधे गेलं तर म्हणतात मार्च एंड चालू आहे गर्दी करू नका, आणि एप्रिलमधे गेलं की नवीन वर्षाची तरतूद यायचीय. मे मधे सगळे बदल्यांच्या तयारीत. जूनला पैसे आले तरी त्या पैशांनी मी काय करू? हळद तोपर्यंत व्यापाऱ्याच्या गोडाऊनला गेलेली असते आणि ज्याने ती फेब्रुवारीत मला देऊ केली होती तोच ती मला वाढीव भावाने दाखवतो.

आता हिशोबच मांडतो, कारण अर्थमंत्री साहेबांना हिशोबाची भाषा जवळची. पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगवाली योजना, 2020 मधे आली. केंद्र 60 राज्य 40 अशी वाटणी, प्रकल्पाच्या 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, आणि स्वतःचे कमीत कमी 10 टक्के टाकायचे. कागदावर योजना चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही, जिल्ह्याला रिसोर्स पर्सन दिलाय तो फाईल पण करून देतो. समजा 20 लाखांचं युनिट. 2 लाख माझे, 18 लाख बँकेचं कर्ज, आणि अनुदान 7 लाख. हे 7 लाख माझ्या हातात येत नाहीत, बँकेत वेगळ्या खात्यात पडतात, तीन वर्षं युनिट चालू राहिलं आणि कर्ज थकलं नाही तर मग कर्जात वळते होतात. मला हे मान्य आहे, बरं. नाहीतर अनुदान उचलून शेडला कुलूप लावणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पण गोष्ट अशी आहे की ते 7 लाख त्या खात्यात पडले की तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, आणि पडत नाहीत तोपर्यंत पूर्ण 18 लाखांवर व्याज चालू. 11 टक्क्याने धरलं तर 7 लाखांचं वर्षाचं व्याज होतं 77,000. सहा महिने उशीर झाला तर 38,500 रुपये गेले. ते कुणी भरले? मी. कुणाच्या उशिराचे? मग खरं अनुदान 35 टक्के राहिलं का हे तुम्हीच सांगा. जाहिरातीच्या बोर्डावर मात्र 35 च असतं.

वरून ही योजना मुख्यतः मशीन आणि शेडला आधार देते. पल्व्हरायझर आला, पॅकिंग मशीन आलं, शेडला रंग दिला, उद्घाटनाला सरपंच येऊन गेले, आणि दळायला हळद कुठंय? 50 क्विंटल घ्यायची म्हटली तरी सहा-सात लाख सुटे लागतात, त्यासाठी बँकेकडे वेगळी लिमिट मागायची, तिथं परत सिबिल, परत वडिलांच्या नावचं जुनं पीक कर्ज निघतं, परत सातबारा. आमच्या भागात किती मशिनी धूळ खात उभ्या आहेत ते एकदा कुणीतरी मोजा. लोक आळशी आहेत म्हणून नाही उभ्या.

अजून एक, हे लिहू का नको असं झालं होतं पण लिहितो. अनुदानावरच्या मशिनीला दोन भाव असतात. मी कोटेशन आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न हाच केला, "कॅशमधे घ्यायचं का स्कीममधे?" स्कीमचा भाव जास्त. नाव घेत नाही, आणि एकाचं घेऊन उपयोग पण नाही. त्याचं म्हणणं असं की स्कीममधला माल दिला की माझे पैसे अडकतात, कागदाला माणूस ठेवावा लागतो, ते मी कुठून काढू. म्हणजे बघा तुमचा उशीर किमतीत मिळवलेला आहे आधीच. ठिबकचं पण तसंच. केंद्राच्या योजनेचे 55 टक्के आणि राज्याचे वरचे मिळून अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान, ऐकायला किती भारी वाटतं, पण आधी पूर्ण बिल भरून संच बसवायचा आणि मग वाट बघायची. ज्याच्याकडे पूर्ण बिल भरायला पैसे आहेत तो वाट बघू शकतो. ज्याच्यासाठी 80 टक्के ठेवलेत त्याच्याकडे ते नसतात हो, म्हणून तर तो अल्पभूधारक. तो मग डीलरच्या हातापाया पडतो किंवा शेकडा तीन रुपयांनी उचलतो.

आता शिक्षणाचं. इथं मला जास्त राग आहे.

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांसाठी. पंजाबराव म्हणजे कोण तर 1952 पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री, आणि त्याच्या कितीतरी आधी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढून सगळ्या जातीच्या पोरांना एका पंगतीत बसवणारा माणूस. पोरगं शिकायला शहरात आलं तर आधी त्याच्या जेवणाची आणि झोपायची सोय लागते हे त्यांना कळत होतं. त्यांच्या नावाचा भत्ता पोराला कधी मिळतो? भावाच्या खोलीवरच्या मित्राला पहिल्या वर्षाचे पैसे मिळाले तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता. मेसवाला दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. खोलीमालक एक तारखेला. त्यांना कुणी सांगत नाही की बीडीएसवर आले की देतो म्हणून.

या पोराच्या घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वडिलांनी आडत्याकडून उचल घेतली, सोयाबीन त्यालाच घालायच्या बोलीवर. म्हणजे पोराच्या मेसचं बिल कुठं वसूल झालं तर सोयाबीनच्या भावात, काट्यावर. हे कुठल्या अहवालात येत नाही. पोरगं संध्याकाळी एका मेडिकल दुकानात उभं राहतं, सकाळी प्रॅक्टिकलला डुलक्या घेतं आणि सर म्हणतात आजकालच्या मुलांना शेतीची आवडच नाही.

फी सवलतीचं पण तेच गाणं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर निम्मी फी शासन भरतं. मुलींना 2024-25 पासून पूर्ण माफी केली, फार चांगलं केलं, खरंच मनापासून. पण शासन भरतं म्हणजे नंतर भरतं. खाजगी कृषी कॉलेजचा क्लार्क ॲडमिशनच्या वेळी काय म्हणतो, आता पूर्ण भरा, शासनाचे आले की परत देऊ, नाहीतर हमीपत्र लिहून द्या. मग निकालाच्या वेळी मार्कशीट अडकते, टीसी अडकते. शासनाने अडवणूक करू नका अशी पत्रं काढलीत, ती मी वाचलीत. कॉलेजवाले म्हणतात आमचे पगार कशातून करू? आणि खरं सांगू का, त्यांचं अगदीच चूक नाही. शासन कॉलेजला उशिरा देतं, कॉलेज पोराला धरतं, पोरगं बापाला फोन करतं. शेवटच्या टोकाला कोण उभा आहे बघा.

आणि एवढं करून शिकायला मिळतं ते काय? राज्यात चार कृषी विद्यापीठं. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. कधीकाळी या विद्यापीठांनी बियाणं दिलं, वाण दिले, हळदीत म्हणाल तर सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून फुले स्वरूपा आली, अजून लोक लावतात. आज तिथं प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, शास्त्रज्ञांच्या रिकाम्या, एका माणसाकडे तीन टेबलं. वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं, 100 कोटींचं, आम्ही फटाके वाजवले. बिल्डिंगला पैसे मिळतात. बिल्डिंगमधे बसून कंदकुजीवर दहा-दहा वर्षं काम करणारी माणसं लागतात त्यांच्या पगाराचं काय, तेवढं सांगा. सध्या आमच्याकडे कंदकुजीचा डॉक्टर म्हणजे कृषी सेवा केंद्राचा काउंटर. तो जी बाटली देईल ती घालायची.

शेवटच्या वर्षाला पोरं रावेला, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या कार्यक्रमाला, गावात येतात. गावाचा नकाशा रांगोळीने काढतात, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवतात, आमच्या आया त्यांना चहा पाजतात. चांगली पोरं असतात हो, हुशार असतात. एकाला विचारलं, पुढं काय करणार? म्हणाला पुण्याला जाणार, एमपीएससी. दुसऱ्याला विचारलं, तो पण पुण्याला. 2024 च्या ऑगस्टमधे पुण्याच्या रस्त्यावर पोरं बसली होती आठवतंय ना, त्यांच्या मागण्यांमधे एक मागणी कृषी सेवेच्या 258 जागांची होती. 258. चार विद्यापीठं आणि गावोगावची खाजगी कॉलेजं मिळून हजारो पोरं बाहेर पडतात आणि सगळी त्या 258 कडे बघत बसतात, कारण धंदा करायचा तर भांडवल नाही.

त्यासाठी पण योजना आहे म्हणा. अ‍ॅग्री क्लिनिक, 2002 पासूनची. कृषी पदवीधराला 45 दिवसांचं ट्रेनिंग फुकट, 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज, त्यावर 36 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के. ही केंद्राची योजना, पण पोरं तुमची आहेत. ट्रेनिंग होतं, सर्टिफिकेट मिळतं, फोटो निघतो, आणि बँकेच्या दारात गाडी थांबते, कारण अनुदान इथंही मागून येणारं. बँक मॅनेजर बावीस वर्षांच्या पोराला विचारतो, तारण काय देतोस? त्याच्याकडे असते पदवी. वडिलांच्या सातबाऱ्यावर आधीच बोजा. मग पुण्याची गाडी.

तुम्ही म्हणाल व्याजाची मागणी कुठून काढली, सरकार कधी व्याज देतं का? देतं की साहेब. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या 2018 च्या सुधारित सूचना काढून बघा. राज्याने आपल्या हिश्श्याचं अनुदान विमा कंपनीला तीन महिन्यांच्या वर लटकवलं तर 12 टक्के व्याज द्यायचं असं त्यात लिहिलंय. कंपनीने शेतकऱ्याला उशीर केला तर तिनेही 12 टक्के द्यायचं. मग कंपनीला व्याज चालतं आणि हळदवाल्याला, विद्यार्थ्याला का चालत नाही?

ऊसवाल्यांचं बघा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, ऊस गेल्यापासून 14 दिवसात एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाही दिली तर 15 टक्के व्याज. कारखाने पाळतात का हा वेगळा विषय, त्यावर एक स्वतंत्र पत्र होईल, पण निदान भांडायला कागद आहे, साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे थकीत पैशांच्या सक्तीच्या वसुलीचा आदेश, काढतात, पोरं आंदोलनाला बसली की 14 दिवस म्हणून ओरडता येतं. आम्ही काय ओरडायचं? लघु उद्योगाचं बिल 45 दिवसात द्या नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, हा 2006 चा कायदा. आपल्याच राज्याचा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा, दाखला वेळेत नाही दिला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड. म्हणजे सगळ्यांना तारीख लावायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, फक्त स्वतःच्या अनुदानाला लावलेली नाही.

आणि यंत्रणा नाही असं तर म्हणूच नका. पीएम किसानचे 2000 एका बटणावर देशभर पडतात. लाडकी बहीणचे पहिले पैसे 2024 ला रक्षाबंधनाच्या आधी घराघरात पोचले, आधार लिंक नव्हतं तिथं लोकांनी रात्री जागून करून घेतलं. मी त्या योजनेवर टीका करत नाही, माझ्या घरात पण आले. सांगायचं एवढंच की ठरवलं तर तारीख पाळता येते हे तुम्हीच दाखवून दिलंय. आणि ठरवलं नाही तर काय होतं ते पण आम्ही बघितलंय. कर्ज नियमित फेडणाऱ्यांना 50,000 प्रोत्साहन, 2020 च्या बजेटमधे जाहीर, खात्यात पडायला लागले 2022 च्या दिवाळीला. नियमित फेडणारा म्हणजे तारीख पाळणारा. त्यालाच अडीच वर्षं उभं केलं.

अर्थ खात्याची अडचण मला थोडीफार कळते. पैसा मर्यादित आहे, योजना जास्त आहेत, मग थोडं थोडं सगळीकडे शिंपडायचं आणि वेळ मारून न्यायची. माझं म्हणणं, निम्म्या योजना बंद करा. खरंच करा, आम्ही ओरडणार नाही, थोडे दिवस ओरडू. 35 टक्क्यांचे 30 करायचे तर केंद्राशी बोलून तेही करा. पण ज्या ठेवाल त्यांचे पैसे वर्षाच्या सुरवातीलाच वेगळे काढून ठेवा आणि पैसे असतील तेवढीच मंजुरीपत्रं काढा. मंजुरी मिळाली म्हणून माणूस कर्ज काढतो, शेड बांधतो, पोराला ॲडमिशन घेतो. नाही म्हणालात तर तो दुसरं काहीतरी बघेल. हो म्हणून ताटकळत ठेवलं की तो सावकाराकडे जातो.

व्याजाने तिजोरीवर भार पडेल असं कुणीतरी फाईलवर लिहीलच. तारीख पाळली तर एक रुपया भार नाही. आणि भार पडलाच तर तो आजही पडतोय, फक्त तुमच्या वहीत दिसत नाही, आडत्याच्या वहीत दिसतो.

येणाऱ्या हंगामासाठी दोन गोष्टी लगेच होऊ शकतात, त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. प्रक्रिया युनिटची जी प्रकरणं बँकेने मंजूर करून पुढे पाठवलीत त्यातला राज्याचा 40 टक्के हिस्सा पिकाचा हंगाम बघून सोडा. हळदीला जानेवारीच्या आत. बेदाणा, आंबा, काजू ज्याचं त्याचं वेगळं असेल, तुमच्या कृषी सहाय्यकाला सगळं तोंडपाठ आहे, त्याला विचारा. आणि निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता ॲडमिशन पक्की झाल्यावर महिनाभरात थेट पोराच्या खात्यात टाका, कॉलेजची फी थेट कॉलेजला. कागद तपासायचे राहिले असतील तर दुसऱ्या हप्त्याच्या वेळी तपासा, पोरगं कुठं पळून जात नाही, त्याची हजेरी रोज लागते.

पत्राची एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात आवक-जावकला देऊन पोच घेतोय. उत्तर पाठवाल तेव्हा कृपया "आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे" एवढंच पाठवू नका, ते माझ्याकडे आहे आधीचं.

आपला,
एक हळद उत्पादक आणि पावडर युनिटवाला,
वसमत तालुका, जि. हिंगोली